सोपा उतरवताना: वाईजवळच्या एका वाड्याच्या प्रकल्प नोंदी

12 फेब्रुवारी 2024

वाईजवळच्या एका गावातील वाड्याचा सोपा, म्हणजे पुढची खांबांवरची पडवी, सुटा करून त्याच कुटुंबाच्या मागच्या आळीतील जागेत पुन्हा उभा करायचा, असे काम ठरले. रस्ता रुंद होणार असल्याने ओटा आणि सोपा तेवढा जाणार आहे. माजघरापासून मागचा वाडा जागेवरच राहील. सोपा शंभर-सव्वाशे वर्षांचा असल्याचे घरात सांगतात. लेखी पुरावा कोणताही नाही, म्हणून नोंदीत त्याचे वय लिहिलेले नाही.

सोपा पाच खणांचा आहे; दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. दर्शनी ओळीत सहा खांब मोकळे उभे आहेत आणि मागच्या ओळीतील सहा खांब माजघराच्या मातीच्या भिंतीत अर्धे बुजलेले आहेत. खण साडेपाच फुटांचा आणि सोप्याची खोली अकरा फुटांची भरते. खांब आणि तुळया सागवानाच्या, छत कडीपाटाचे (आडव्या कड्यांवर फळ्या टाकलेले), त्यावर बुटका माळा आणि माळ्यावर मंगलोरी कौलांचे एकपाखी छप्पर, अशी रचना आहे. मूळ सांगाड्यात कुठेही खिळा दिसत नाही. सगळा भार कुसू (लाकडाच्या टोकाला ताशून काढलेली जीभ), ते जिथे बसते ती खाच आणि लाकडी खुंट्या यांवर तोललेला आहे. खिळे आहेत ते नंतरच्या दुरुस्त्यांतले, आणि त्रास त्यांचाच होणार आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर काम सुरू करण्याचा आग्रह माझा होता. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि कुसू खाचेत आवळून बसते. देशावरच्या कोरड्या हवेत ते थोडे आकसते आणि सांध्याला श्वास मिळतो. आज पाच खांबांवर ओलमापक लावून पाहिला, तेव्हा आकडे 11 ते 13 टक्क्यांच्या दरम्यान आले. भिंतीत बुजलेल्या एका खांबाच्या पायथ्याशी मात्र 21 टक्के दाखवले. तिथे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज आजच आला.

14 फेब्रुवारी

दोन दिवस केवळ मोजमापे आणि खुणा करण्यात गेले. दर्शनी खांबांना अ-1 ते अ-6 आणि भिंतीतल्या खांबांना ब-1 ते ब-6 असे क्रमांक दिले. प्रत्येक तुळईला ती ज्या दोन खांबांवर टेकते त्यांची नावे मिळाली. म्हणजे अ-3 वरून ब-3 वर जाणारी तुळई ‘अ3-ब3’ आणि अ-3 वरून अ-4 वर जाणारी ‘अ3-अ4’. या पद्धतीत वस्तू हातात आली की तिची जागाही कळते, वही उघडावी लागत नाही.

बिल्ल्यांसाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर अक्षरे ठोकून घेतली. खडूचे आकडे पुसले जातात आणि मार्करची शाई सागवानाच्या रेषांत शिरून कायमची बसते. चिकटपट्टी काढताना जुन्या तेलाचा थरही निघतो. म्हणून प्रत्येक बिल्ला पितळी चुकेने (बारीक खिळ्याने), पुन्हा उभारल्यावर झाकला जाईल अशाच पृष्ठभागावर ठोकायचा, आणि बिल्ल्याचे वरचे टोक नेहमी रस्त्याच्या दिशेला ठेवायचे, असा नियम केला. चौकोनी खांब चारही बाजूंनी सारखाच दिसतो. तो नव्वद अंशांत फिरला तर खाचा जुळत नाहीत आणि चूक खांब उभा झाल्यावर कळते.

काम सुरू होण्याआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन कोथरूडहून आणून उभा केलेला मस्तानी महाल पुन्हा एकदा पाहून आलो होतो. सुटे केलेले लाकूडकाम दुसऱ्या जागी नांदू शकते, एवढा धीर त्यातून मिळाला. सांधे कसे सोडवले ते उभ्या इमारतीकडे पाहून कळत नाही. ते मिस्त्रींकडूनच शिकायचे आहे. मिस्त्रींचे वय सत्तरीच्या पुढे असून त्यांच्या घरात सुतारकी चालत आलेली आहे. त्यांच्या हाताखाली दोन तरुण सुतार आणि चार गडी आहेत.

17 फेब्रुवारी

कौले उतरवली. साधे वाटणारे हे काम सांगाड्याच्या दृष्टीने नाजूक आहे, कारण वजन एका बाजूचे आधी उतरले तर उरलेल्या बाजूचा रेटा खांबांना कलते करतो. म्हणून खणाखणाने न उतरवता, माथ्याकडची पूर्ण ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग तिच्या खालची, अशा क्रमाने वळचणीपर्यंत आलो. त्याआधी दर्शनी खांबांच्या दरम्यान बांबूच्या तिरक्या कैच्या बांधल्या आणि चार खांबांना ओळंबे लावून जमिनीवर त्यांच्या टोकाखाली खुणा केल्या. दिवसअखेर अ-5 चा ओळंबा दोन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सरकला होता, इतरांचे जागेवर होते.

रिपा आणि वासे दुपारनंतर काढले. वाशांतले खिळे गंजलेले होते. चिमट्याने ओढले की डोके तुटून हातात येई. अशा ठिकाणी वासा किंचित उचलून खालच्या फटीत हॅकसॉचे पाते घालायचे आणि खिळाच कापायचा, असे ठरवले. लाकडात उरलेला तुकडा पुढे निवांत काढता येतो.

20 फेब्रुवारी

काल शिवजयंतीची सुटी होती. आज माळ्यावरची माती काढली आणि कडीपाटाला हात घातला. पाटाच्या फळ्या कड्यांवर नुसत्या टेकवलेल्या असून एकमेकींच्या खाचेत सरकवलेल्या आहेत. पहिली फळी कुठली हे शोधण्यात तासभर गेला. शेवटी ब-1 च्या कोपऱ्यात एक फळी लांबीला दोन सूत कमी आणि कडेला बिनखाचेची सापडली. सुताराने सगळ्यांत शेवटी घातलेली तीच, आणि म्हणून सगळ्यांत आधी निघणारीही तीच. ती उचलल्यावर बाकीच्या फळ्या पत्त्यांसारख्या सरकत आल्या.

प्रत्येक खणात नऊ, अशा पंचेचाळीस कड्या आहेत. त्या रुंदीच्या, म्हणजे अ ओळीवरून ब ओळीवर जाणाऱ्या, तुळयांवरच्या खाचांत बसवलेल्या आहेत. एकही अडली नाही.

23 फेब्रुवारी

आज मुख्य सांध्यापर्यंत पोहोचलो. या सांध्याची रचना नीट लिहून ठेवतो, कारण पुढचे सगळे काम यावरच अवलंबून आहे. खांबाच्या डोक्यावर ताशून काढलेले कुसू वीस इंच उंच आहे. त्यावर सर्वांत खाली दोन्ही बाजूंना पसरलेला नक्षीदार हस्त बसतो. हस्तावर लांबीच्या दोन तुळयांची टोके अर्धी-अर्धी कापून एकमेकांवर टेकवली आहेत आणि कुसू त्या दोन्हींतून आरपार जाते. सर्वांत वर रुंदीची तुळई येते. तिच्या पोटातल्या खाचेत कुसवाचे वरचे सहा इंच शिरतात. लांबीच्या तुळयांच्या जोडातून एक आणि रुंदीच्या तुळईतून एक, अशा दोन खुंट्या प्रत्येक खांबाच्या कुसवाला आडव्या छेदून गेल्या आहेत. बारा खांबांच्या चोवीस खुंट्या झाल्या. पैकी एकोणीस दिसत होत्या. उरलेल्या पाच तेलरंगाच्या थरांखाली होत्या. संध्याकाळी दिवे मालवून बॅटरीचा झोत तुळईला घासून तिरका सोडला, तेव्हा त्यांची गोल किनार उमटली.

खुंटी सहा सूत जाडीची आणि एका टोकाला किंचित निमुळती असते. ज्या बाजूने ठोकली त्या बाजूचे टोक जाड, म्हणून काढायची ती बारीक टोकावर ठोकून. उलट बाजूने ठोकले तर खुंटी आणखी आवळते आणि तुळईला चीर पडते. रंग खरवडून दोन्ही टोकांचा व्यास मोजायचा, आणि मोजल्याशिवाय मोगरी (लाकडी हातोडा) उचलायची नाही, हे सर्वांना सांगितले आहे.

24 फेब्रुवारी

पहिली खुंटी निघायला दीड तास लागला. अ-1 वरची बारीक टोकाची बाजू ठरवून पाच सूत जाडीची, सपाट तोंडाची लोखंडी सळई टेकवली आणि मोगरीने ठोके दिले. खुंटी केसभरही हलली नाही. मी जरा मोठी मोगरी मागितली, तेव्हा मिस्त्रींनी हात आडवा धरला.

‘आवो सायेब, दम धरा जरा. खुंटी हालत न्हाई म्हंजी तिच्यावर वझं हाय. तिला मारून काय व्हनार? आधी वझं काढा, मंग ती आपसूक येतीया.’

तुळईवर आता तिच्या स्वतःच्या वजनाखेरीज काहीही नव्हते, म्हणून मला ते पटले नाही. पण त्यांनी तुळईच्या टोकाखाली टेकू उभा केला, टेकूच्या डोक्यावर समोरासमोर दोन पाचरी घातल्या आणि त्या आळीपाळीने हलक्या ठोकत तुळई उचलू लागले. सांध्याच्या फटीत मी पोस्टकार्ड धरले होते. ते आधी सरकत नव्हते; पाचरी अर्धा इंच आत गेल्यावर ते सहज सरकू लागले. त्याच क्षणी त्यांनी सळईवर दोन ठोके दिले आणि खुंटी टप्प असा आवाज करून बोटभर बाहेर आली.

बाहेर आलेली खुंटी सरळ नव्हती. मधोमध तिला पोक होता. कुसवातले भोक तुळईतल्या भोकाशी जुळवून न पाडता, सुमारे एक सूत खांद्याच्या, म्हणजे कुसवाच्या बुडाच्या, बाजूला सरकवून पाडले होते. खुंटी ठोकताना ती वाकत वाकत तुळई खाली ओढते आणि सांधा दाबून बसवते. म्हणजे वरचा भार काढला तरी खुंटीत स्वतःचाच ताण शिल्लक असतो. मिस्त्रींच्या बोलण्यातले ‘वझं’ हे होते. तेव्हापासून आम्ही ठोके मोजत नाही, पोस्टकार्ड सरकते का एवढेच पाहतो.

खुंट्या बाभळीच्या आहेत आणि करवतीने कापलेल्या नसून फाडलेल्या आहेत. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड जाते. म्हणूनच त्या वाकल्या, पण तुटल्या नाहीत. नवीन खुंट्याही तशाच करायच्या. जुन्या पुन्हा वापरायच्या नाहीत, तरी प्रत्येक खुंटी कापडी पिशवीत क्रमांक घालून ठेवली आहे, कारण तिच्या वाकावरून त्या सांध्याचे भोक किती सरकवले होते हे नंतर मोजता येईल.

27 फेब्रुवारी

रुंदीच्या पहिल्या दोन तुळया उतरवल्या. एक तुळई बारा फूट लांब, दहा इंच उंच आणि नऊ इंच रुंद आहे. म्हणजे साडेसात घनफूट सागवान, वजन सुमारे 140 किलो. वजनापेक्षा अवघड गोष्ट अशी, की सहा इंच कुसू खाचेतून बाहेर येईपर्यंत तुळई दोन्ही टोकांनी सारखी उचलली गेली पाहिजे. एक टोक जरा पुढे गेले की कुसू खाचेत तिरके होते, अडते, आणि मग खाचेचा गाल (बाजूची भिंत) तरी फुटतो किंवा कुसू तरी. दोन्ही टोकांना तिकाटणी उभी करून चेन पुली लावल्या. साखळी ओढणाऱ्या दोघांना एकमेकांचे हात दिसत नसल्याने मधे उभे राहून मी आकडे मोजत होतो. प्रत्येक आकड्याला साखळीची एकच कडी. दोरांच्या खाली गोणपाट दिले होते.

मिस्त्रींचे असेही म्हणणे आहे, की दुपारी तीननंतर सांधे सैल होतात. नऊ-दहा इंच जाडीच्या लाकडाला दिवसभरात फरक पडेल असे मला वाटत नाही. मात्र आजच्या दोन्ही तुळया साडेतीननंतरच निघाल्या, हेही नोंदवून ठेवतो.

अ1-ब1 उलटी केल्यावर खाचेच्या तळाशी पटाशीने (सुताराच्या छिन्नीने) ओढलेली एक उभी रेघ दिसली. खांबाच्या कुसवावरही एकच रेघ होती. दुसऱ्या तुळईत दोन रेघा, खांबावर दोन. मूळ सुतारांनी जमिनीवर सांधे जुळवून मग ते उभे केले असणार. आमचे बिल्ले आणि त्यांच्या रेघा यांचा मेळ बसतो का, हे इथून पुढे प्रत्येक सांध्यावर तपासायचे.

2 मार्च

पाच खुंट्या आरपार नव्हत्या. रंगाखाली लपलेल्या त्या ह्याच. भिंतीच्या बाजूला त्यांचे टोक तुळईच्या आतच संपते, त्यामुळे पलीकडून ठोकायला जागाच नाही. यांच्या मधोमध चार सुतांच्या गिरमिटाने (भोक पाडायच्या हत्याराने) भोक पाडले आणि कडेला उरलेली सालीएवढी भिंत अरुंद पटाशीने आतल्या बाजूला मोडून काढली. गिरमिट मध्यापासून ढळले तर तुळईचे मूळ भोक मोठे होते, म्हणून खुंटीच्या तोंडावर कंपासने केंद्र काढून घेतले. एका खुंटीला चाळीस मिनिटे. दिवसात पाचही संपल्या, आणि दुसरे काहीही झाले नाही.

5 मार्च

आज नुकसान झाले, आणि चूक माझी आहे. अ4-ब4 उचलताना ब-4 कडचे टोक अडले. दोन्ही खुंट्या निघालेल्या होत्या, पोस्टकार्ड सरकत होते, म्हणून कुसू मातीने आवळले असावे असे समजून मी आणखी एक कडी ओढायला सांगितले. काटक्या मोडल्यासारखा आवाज झाला आणि खाचेच्या भिंतीकडच्या गालाला नऊ इंच लांबीची चीर गेली.

तुळई आहे तिथेच टेकून भिंतीचा गिलावा फोडला, तेव्हा आत तुळई आणि खांब यांना जोडणारी लोखंडी पट्टी निघाली. कधीतरी दुरुस्तीत ती मारून वरून मातीने लिंपली होती. ब ओळीतील प्रत्येक सांध्याजवळ लोहचुंबक फिरवायचा, असे माझ्याच यादीत लिहिलेले आहे. ब-1 ते ब-3 मध्ये काही सापडले नाही, म्हणून ब-4 ला मी तो फिरवला नव्हता.

पट्टीचे खिळे कापल्यावर तुळई निर्वेध वर आली. फुटलेला गाल अजून एका बाजूने धरून आहे. तो ओढून न काढता फटीतली धूळ फुंकून टाकली आणि सुती पट्टीने जागच्या जागी बांधून ठेवला. तुटलेल्या रेषा ताज्या आहेत तोवर त्या एकमेकींत अचूक बसतात. डिंकाने चिकटवून आतून सागवानाच्या आडव्या खुंट्या मारायच्या, असे मिस्त्रींशी बोलून ठरले. घरातल्या काकूंना संध्याकाळी चीर दाखवली. त्यांनी तुळईवरून हात फिरवला आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ब-5 आणि ब-6 ला चुंबक फिरवला. ब-6 ला पट्टी होती.

9 मार्च

काल महाशिवरात्रीमुळे काम बंद होते. आज लांबीच्या तुळया सुटल्या. त्या लहान आहेत, पण टोके एकमेकांवर अर्धी चढलेली असल्याने कोणती वर आणि कोणती खाली हे प्रत्येक खांबावर पाहावे लागते. अ ओळीत क्रम अ-6 कडून अ-1 कडे चालतो, ब ओळीत नेमका उलटा. मूळ कारागिरांच्या दोन जोड्या दोन टोकांकडून आल्या असाव्यात, असा माझा तर्क आहे.

हस्त काढताना ठोके देण्याची वेळ आली, तेव्हा मोगरी आणि हस्त यांच्यामध्ये पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा ठोकळा धरला. नक्षीच्या पाकळ्यांची कड पाऊण इंचाहून जाड नाही. लोखंड थेट लागले असते तर ती राहिली नसती.

13 मार्च

खांब उचलले. दर्शनी खांब तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) खळग्यात बोटभर कुसवाने बसलेले आहेत. त्यांना खुंटी नाही. चौघांनी मिठी मारून सरळ वर उचलले की ते सुटतात. तळखड्यांनाही बिल्ले दिले, कारण प्रत्येक खळगा आपल्या खांबापुरताच खोदलेला आहे.

भिंतीतल्या खांबांभोवतीची माती हाताने आणि लहान थापीने काढली, पहारीला बंदी होती. ब-2 च्या पायथ्याशी जिथे 21 टक्के ओल दाखवली होती, तिथे खालचे चौदा इंच वाळवीने पोखरलेले निघाले. बाहेरची साल शाबूत, आत मातीचे बोगदे. एवढा भाग कापून त्या जागी जुन्याच सागवानाचा तुकडा जोडावा लागेल. उरलेला खांब टणक आहे.

16 मार्च

सगळे लाकूड मागच्या आळीतील गोठ्यात हलवले. जमिनीपासून फूटभर उंचीवर दगडी पाये, त्यावर आडवी लाकडे, आणि प्रत्येक थरानंतर एक इंचाच्या पट्ट्या. वरच्या थराच्या पट्ट्या खालच्या थराच्या पट्ट्यांच्या बरोबर वर यायला हव्यात, नाहीतर पावसाळाभर तुळया वाकत राहतील. प्लास्टिकचे कापड गुंडाळण्याची सूचना एकदोघांनी केली, ती नाकारली. आत घाम धरतो आणि बुरशी येते. छपराखाली वारा खेळता ठेवला आहे.

मोजदाद करताना अ-2 चा बिल्ला दोन हस्तांवर निघाला आणि अ-5 चा एकही नाही. ठोकताना कोणाची तरी चूक झाली होती. दोन्ही हस्त मापाने आणि नक्षीने इतके सारखे आहेत, की छायाचित्रांवरून निकाल लागेना. मग दोन्ही उलटे करून भोकाच्या कडेला पाहिले. एकावर पटाशीच्या दोन रेघा होत्या आणि दुसऱ्यावर फुली. अ-5 च्या कुसवावर फुली आहे. जुना बिल्ला काढून नवा ठोकला, आणि त्याशेजारी मूळ खुणेचे रेखाटनही वहीत घेतले.

मिस्त्रींनी बांधावरच्या पडलेल्या बाभळीचे दोन ओंडके आणून ठेवले होते. संध्याकाळी ते रेषेतून फाडले, इंचभर जाडीच्या साठ कांबी निघाल्या. त्या दावणीच्या वर, धुराच्या वाटेला टांगल्या आहेत. दिवाळीपर्यंत वाळल्या, तर त्यांतून चोवीस निवडून तासायला घेऊ.